कुठेतरी पाणी मुरतंय: बेडकाच्या वर्षभराचा मीठ-पाणी हिशोब (प्रकल्प नोंदी)

४ जुलै

विषय एकदाचा पक्का झाला. ऋतू बदलतात तसं बेडकाच्या ऊतींमधलं मीठ आणि पाणी कसं बदलतं. ऐकायला सोपं वाटतं ना, मलाही तसंच वाटलं होतं. जिवंत बेडूक आणून कापायचे नाहीत हे पार्टनरनं आणि मी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं, दोन शतकांत इतके बेडूक या कामी आलेत की आकड्यांचा तुटवडा नाहीये, आकडे एकमेकांशी ताडून बघायचा कंटाळा मात्र भरपूर आहे. म्हणून आम्ही एक्सेलमध्ये कागदी बेडूक करतोय. वजन १०० ग्रॅम, त्यात ८० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम बाकी सगळं. त्याला बारा महिने जगवायचं, एवढाच प्रकल्प. मॅडम म्हणाल्या, "जगवून दाखवा, मग बोलू."

७ जुलै

पहिली शीट: पाणी आत कसं येतं.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून घेतो, हे रॉबर्ट टाउनसननं १७९० च्या दशकातच बघून ठेवलंय. ओल्या जागेवर पोट टेकून बसला की झालं काम, पोटाखालची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी त्यासाठीच पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. गंमत अशी की हीच सोय पाण्यात राहताना डोक्याला ताप होते. बेडकाचा प्लाझ्मा (रक्तातलं द्रव) साधारण २२० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप), म्हणून तर बेडकाच्या ऊतींसाठी ०.६५ टक्के मिठाचं पाणी वापरतात, आपल्यासाठी ०.९ टक्के लागतं. बाहेरचं गोडं पाणी जवळजवळ शून्य. या फरकाचा दाब काढला तर २० अंशांना साडेपाच वातावरणांच्या थोडा खाली आला, म्हणजे ५४ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका! मी दोनदा तपासला कारण विश्वासच बसेना. एवढा दाब त्या पातळ कातडीवर चोवीस तास.

त्यामुळे पाण्यातला बेडूक म्हणजे गळकी होडी, सतत उपसत राहायचं. उन्हाळी तापमानाला दिवसाला शरीराच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश इतकं पाणी आत येतं आणि तितकंच पातळ लघवी होऊन बाहेर जातं. आणि त्याच्या मूत्रपिंडात आपल्यासारखा हेन्लेचा फास (लघवी घट्ट करायला लागणारी वळणदार नळी) नाही, त्यामुळे प्लाझ्मापेक्षा घट्ट लघवी त्याला करताच येत नाही. उपसायचं यंत्र जोरदार, पण राखून ठेवायचं यंत्र नाही. ही गोष्ट पुढे उन्हाळ्यात अडणार आहे, तेव्हा इथे खूण करून ठेवते.

८ जुलै

मीठ कसं येतं ते आज. लघवीबरोबर थोडं मीठ जातंच, ते भरून काढायला कातडीच बाहेरच्या पाण्यातून मीठ ओढते. ऑगस्ट क्रोगनं १९३७ मध्ये दाखवलं की मीठ कमी झालेले बेडूक अगदी पातळ द्रावणातूनसुद्धा क्लोराइड ओढून घेतात. मग उसिंग आणि झेराननं १९५१ मध्ये कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवला, दोन्हीकडे सारखंच द्रावण, बाहेरून करंट देऊन विजेचा दाब शून्यावर आणला, आणि तरीही जो करंट वाहत राहतो तो म्हणजे कातडीनं आत ढकललेलं सोडियम. एवढा स्वच्छ प्रयोग मी अजून दुसरा वाचलेला नाही. कातडीचा एक तुकडा, आणि सक्रिय वहनाची (इंधन खर्चून आयन ढकलण्याची) अख्खी कल्पना त्यावर उभी.

१३ जुलै

स्नायूची शीट. बेडकाच्या स्नायूचे जुने प्रसिद्ध आकडे घेतले, पोटॅशियम पेशीत १२४ बाहेर २.२५, सोडियम पेशीत १०.४ बाहेर १०९, क्लोराइड पेशीत १.५ बाहेर ७७.५, सगळं दर लिटर पाण्याला मिलिमोलमध्ये. पोटॅशियमचं नर्न्स्ट व्होल्टेज (ज्याला त्याची आत-बाहेर ये-जा बरोबरीत येते) २० अंशांना १०१ मिलिव्होल्ट, ४ अंशांना साधारण ९६. म्हणजे नुसत्या थंडीनं समतोलाचं व्होल्टेज फारसं हलत नाही. पार्टनर म्हणाला मग हिवाळ्यात प्रॉब्लेम कुठेय? बघू.

१५ जुलै

आज रिंगर द्रावण (ऊती जिवंत ठेवायचं क्षारांचं पाणी) करायला बसले, कारण पुढच्या आठवड्यात आगरच्या (जेलीसारख्या) ठोकळ्यांवर टिपण्याचा, म्हणजे वजन करण्याआधी वरचं पाणी फिल्टर पेपरनं काढण्याचा, सराव करायचाय. सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, बायकार्बोनेट, सगळं छान विरघळलं, मग कॅल्शियम क्लोराइडचं घट्ट स्टॉक एकदम ओतलं आणि बीकर दुधाळ. कॅल्शियम कार्बोनेट खाली बसलं. अर्धी दुपार पाण्यात. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, आधी भरपूर पाणी घालून, थेंब थेंब, ढवळत. आता लिहून ठेवलं म्हणजे पुन्हा होणार नाही (होणार).

तशी या द्रावणाची जन्मकथाच गोंधळाची आहे. सिडनी रिंगरच्या आधीच्या प्रयोगांत बेडकाचं हृदय साध्या मिठाच्या द्रावणात मस्त धडधडत होतं, मग कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि करामत त्या पाण्यातल्या कॅल्शियमची होती. १८८३ मध्ये त्यानं ते सरळ छापून टाकलं. आपलं बीकर दुधाळ झालं तर निदान कळतं तरी.

२२ जुलै

आगरचे ठोकळे, एकाच ताटलीतून कापलेले, रिंगरमध्ये भिजवलेले. मी टिपले तसे पार्टनरनं टिपले, फिल्टर पेपर तोच, काटा तोच. मी हलक्या हातानं टेकवते, तो दाबून टिपतो. वजनातला फरक डोळ्यात भरण्याइतका. आणि हे आगर आहे, यात पेशी नाहीत, रक्त नाही, हालचाल नाही. खऱ्या स्नायूच्या तुकड्यावर चिकटलेला पाण्याचा थर म्हणजे सगळं पेशीबाहेरचं द्रव, म्हणजे सोडियमनं भरलेलं. म्हणजे कुणी जानेवारीत दाबून टिपलं आणि जुलैत हलकं, तर निव्वळ हातामुळे 'सोडियमचा ऋतुबदल' तयार! यापुढे कुठलाही तक्ता बघताना टिपलं कसं आणि कुणी, हे आधी शोधणार.

२९ जुलै

आज भांडण. चांगलं भांडण, पण भांडणच.

पार्टनरनं वेगवेगळ्या ऋतूंतले ऊतींच्या पाण्याचे आकडे टक्क्यांत मांडले आणि म्हणाला, "हे बघ, सगळं ७८ ते ८२ मध्ये आहे, बदलच नाही, विषयच संपला." मी म्हटलं थांब, आपल्या कागदी बेडकात १० ग्रॅम पाणी घालून बघ. वजन झालं ११०, पाणी ९०, टक्केवारी ८० ची ८१.८ झाली. हा फरक ग्राफवर दिसतसुद्धा नाही. पण तेच कोरड्या वजनावर मोजलं तर आधी दर ग्रॅम कोरड्या भागाला ४ ग्रॅम पाणी होतं, आता साडेचार. म्हणजे साडेबारा टक्के जास्त! बेडूक चक्क फुगलाय आणि टक्केवारी म्हणतेय काही झालंच नाही. कारण उघड आहे, पाणी अंशातही वाढतं आणि छेदातही, दोघं मिळून एकमेकांना झाकतात.

मग मिठाचं केलं. एकूण विरघळलेले कण तेवढेच, पाणी ८० चं ९०, म्हणजे २२० मिलिऑस्मोलचे झाले १९६. प्लाझ्मातलं सोडियम १०५ असेल तर ते ९३ वर येईल. बेडकानं मिठाचा एक कणही गमावला नाही तरी रिपोर्टमध्ये लिहिलं जाणार 'हिवाळ्यात सोडियम घटते'. घटलं काय, पाणी आलं!

पार्टनर दहा मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." हेच नाव ठेवलं प्रकल्पाला.

३० जुलै

काल रात्री झोप नाही, कारण लक्षात आलं की स्नायूत प्रकरण याहून वाईट आहे. तिथे पाणी दोन खोल्यांत असतं, पेशीच्या आत आणि पेशीच्या बाहेर, आणि दोन्ही खोल्यांतलं मीठ एकदम उलटं.

१ ग्रॅम स्नायू घेतला, ०.८ ग्रॅम पाणी, त्यातलं ०.१५ बाहेरचं आणि ०.६५ आतलं. वरचे आकडे लावले तर सोडियम एकूण २३.१ मायक्रोमोल, त्यातलं १६ पेक्षा जास्त बाहेरच्या छोट्याशा खोलीत! आता बाहेरच्या खोलीत ०.०५ ग्रॅम प्लाझ्मासारखंच द्रव वाढवलं, पेशींना हातसुद्धा लावला नाही. सोडियम झालं २८.६. कोरड्या वजनावर जवळपास २४ टक्के वाढ, ओल्या वजनावर १८ टक्के वाढ. पोटॅशियम ओल्या वजनावर साडेचार टक्क्यांनी कमी. सोडियम वर, पोटॅशियम खाली, हे चित्र बघून कुणीही म्हणेल पेशीचा पंप (सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा) बिघडला, पडदा गळका झाला. आणि इथे पेशीत एकही सोडियम गेलेलं नाही, फक्त पेशींच्या मधल्या फटी थोड्या ओल्या झाल्यात.

म्हणून बाहेरची खोली वेगळी मोजावीच लागते. त्यासाठी इन्युलिन वापरतात, वनस्पतीतली मोठी साखर, पेशीत शिरत नाही, त्यामुळे ती जेवढ्या पाण्यात पसरली तेवढं बाहेरचं पाणी. आता आमच्याकडे तक्त्यांसाठी दोन चाळण्या झाल्या: कोरडं वजन दिलंय का, आणि बाहेरची जागा मोजलीय का. दोन्ही नसेल तर तक्ता बाजूला. ढीग अर्ध्याहून खाली आला. पार्टनरचा चेहरा बघण्यासारखा होता, त्यानं ते सगळं टाईप केलं होतं.

११ ऑगस्ट

हिवाळा चालू केला शीटमध्ये. २० अंशांवरून ४ अंशांवर आणला. बेडूक मेला.

१२ ऑगस्ट

का मेला ते सापडलं. सोडियम-पोटॅशियम पंप एन्झाइम आहे, तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचा वेग अडीच पटीनं कमी होतो असं धरलं होतं. गळती म्हणजे नुसतं विसरण, ती १० अंशांना १.३ पटच कमी होते. १६ अंश उतरल्यावर पंप ४.३ पट मंद आणि गळती फक्त दीड पट मंद. म्हणजे उपसणारा झोपला आणि भोक तेवढंच राहिलं. सोडियम आत शिरत गेलं, पोटॅशियम बाहेर, व्होल्टेज कोसळलं. थंडीत आपल्यासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या पेशींचं साधारण असंच होतं.

पण खरा बेडूक तळ्याच्या तळाशी, बर्फाखाली, कमी ऑक्सिजनमध्ये महिनोन्महिने काढतो. म्हणजे त्यानं भोकच बुजवलेलं असणार. पीटर होचाच्कानं १९८६ मध्ये या कल्पनेला चॅनेल अरेस्ट म्हटलं, पंपाचा वेग वाढवायच्या भानगडीत न पडता आयनांच्या वाटाच बंद करून टाकायच्या म्हणजे पंप मंद चालला तरी भागतं आणि इंधनही वाचतं. रॅना टेंपोरारिया या साध्या युरोपियन बेडकाला थंड पाण्यात बुडवून ठेवून जे काम झालंय त्यात स्नायूच्या पेशीत येणारं सोडियम आणि पंपाचं काम, दोन्ही एकत्र खाली आलेले दिसतात.

मला हे फार आवडलं. आपण नेहमी म्हणतो की थंडीत सगळं 'मंदावतं', जणू आपोआप. आपोआप मंदावलं तर काय होतं ते माझ्या शीटनं काल दाखवलं, बेडूक मरतो. नीट मंदावणं हे कामच आहे.

शीटमध्ये गळतीचा गुणकही पंपाइतकाच केला. बेडूक जगला.

१४ ऑगस्ट

जगला, पण फुगायला लागला. थंडीत कातडीतून येणारं पाणी कमी झालं पण मूत्रपिंडाची गाळणी त्याहून जास्त मंदावली, कारण गाळणीला रक्तदाब लागतो आणि थंडीत हृदय हळू चालतं. मी गाळणी चौपट मंद आणि आवक दीडपट मंद धरली होती. वजन चढत गेलं. १० ग्रॅम चढल्यावर शीट थांबवली आणि मॅडमकडे गेले की मॉडेल चुकलंय. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "अगं, चुकलं नाही, थंड पाण्यातला बेडूक खरंच फुगतो."

आणि खरंच. पाण्याखाली हिवाळा काढणाऱ्या प्रौढ बेडकांच्या अंगात पाणी साठतं, प्लाझ्मा पातळ होतो. साठतं कुठे, तर बरंचसं कातडीखालच्या लसिका-पिशव्यांत (लसिका म्हणजे ऊतींमधून गोळा होणारं द्रव). बेडकाची कातडी आपल्यासारखी अंगाला घट्ट चिकटलेली नसते, खाली मोठ्या मोकळ्या पिशव्या असतात, आणि त्यातलं द्रव रक्तात परत ढकलायला वेगळी लसिका-हृदयं असतात (दोन-चार छोटी हृदयं जास्तीची, किती श्रीमंती!). थंडीत तीही हळू.

फुगण्यालाही शेवट आहे. जसजसा प्लाझ्मा पातळ होतो तसतसा बाहेरच्या पाण्याशी फरक कमी होतो, आवक घटते, आणि कुठेतरी नवा समतोल बसतो. शीट पुढे चालवली तर तीही सपाट झाली. म्हणजे हिवाळी बेडूक हा जास्त पाण्याचा, पातळ प्लाझ्माचा बेडूक. माझ्या डोक्यात इतके दिवस हिवाळा म्हणजे सुकणं असं चित्र होतं, कुठून आलं होतं देव जाणे.

२ सप्टेंबर

मध्ये परीक्षा. काही केलं नाही.

९ सप्टेंबर

उन्हाळा. जुलैच्या खुणेकडे परत. राखून ठेवायचं यंत्र नाही मग कोरड्या ऋतूत काय करतो?

पहिली गोष्ट, मूत्राशय. पाण्यात असताना जी लघवी कचरा होती तीच कोरड्यात टाकी होते, कारण ती पातळ असते, जवळजवळ गोडं पाणी. अंग सुकायला लागलं की व्हॅसोटोसिन हे हार्मोन मूत्राशयाची आणि पोटाखालच्या कातडीची पाण्याची दारं उघडतं आणि टाकीतलं पाणी रक्तात परत येतं. ऑस्ट्रेलियातला सायक्लोराना बेडूक तर टाकी भरून जमिनीत जातो आणि टाकलेल्या कातडीच्या थरांचं वेष्टण अंगाभोवती करून घेतो.

दुसरी, सहन करणं. थॉर्सन आणि स्विहला यांनी १९४३ मध्ये वेगवेगळे उभयचर सुकवून बघितले (मी केलं नसतं, पण केलंय तर वापरते). पाण्यातच राहणारे बेडूक वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी जाईपर्यंत टिकतात, कोरड्या प्रदेशातले स्पेडफूट जातीचे बेडूक साधारण ४७-४८ टक्के. मला आधी वाटलं यांची कातडी कमी गळत असेल, पण या प्रयोगात मोजली गेली ती सहनशक्ती.

इथे आमच्या छेदाचा प्रश्न परत, उलट्या बाजूनं. ३० ग्रॅम पाणी गेलं तर ८० चं ५० उरलं, तेवढेच कण आता दीडपटीहून जास्त घट्ट, २२० चे ३५२. सोडियम, पोटॅशियम, सगळं एकदम वर. कोरड्या वजनावर मोजलं तर एकही बदललेलं नाही.

१२ सप्टेंबर

युरियाचा दिवस. काउचचा स्पेडफूट उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली असतो. आधी माती ओली असते, मग सुकते, आणि सुकलेली माती पाणी सोडायला तयार नसते, उलट बेडकाकडूनच ओढेल. यावर त्याचा उपाय असा की प्रथिनं जाळून तयार झालेला युरिया फेकायचा नाही, साठवायचा. मॅक्लॅनहनचं १९६७ चं काम आहे, त्यात या काळात प्लाझ्मा खूप घट्ट होतो आणि त्यात युरियाचा वाटा मोठा. माझ्या हिशोबात ६०० मिलिऑस्मोल धरले तर ओढ १४ वातावरणांच्या वर जाते, म्हणजे साध्या बेडकाच्या पावणेतीन पट. एवढ्या ओढीनं बऱ्यापैकी सुकलेल्या मातीतूनही थोडं पाणी मिळतं.

इथे मीठ का नाही साठवत? कारण मीठ बाहेरच्या खोलीत राहतं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं. युरिया पडद्यातून आत-बाहेर जातो, दोन्ही खोल्यांत सारखा होतो, पेशी आकसत नाहीत. किंमत एवढीच की युरिया प्रथिनांना त्रास देतो, आणि या बेडकाचे स्नायू तो त्रास सोसतात. खेकडे खाणारा खारफुटीतला बेडूक तर याच युक्तीनं समुद्राच्या ८० टक्के खारट पाण्यात राहतो, गॉर्डन, श्मिट-नील्सन आणि केली यांनी १९६१ मध्ये ते मोजलं. ऋतूचा विषय नाही हा पण युक्ती तीच म्हणून टाकलं, मॅडमनी काढायला सांगितलं तर काढू.

२० सप्टेंबर

सगळ्यात मजेदार शीट. गोठणारा बेडूक.

उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग पाण्यात न जाता पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतो आणि चक्क गोठतो. श्मिडनं १९८२ मध्ये हे छापलं. अंगातल्या पाण्याचा साधारण ६५ टक्के बर्फ, हृदय बंद, श्वास बंद, आणि वितळल्यावर उडी मारून जातो. बर्फ शिरायला लागला की यकृत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडून ग्लुकोज रक्तात ओततं, आणि त्याआधी शरद ऋतूपासून युरियाही साठवलेला असतो.

मला विचारायचं होतं की ६५ च का. हिशोब सोपा निघाला. दर ऑस्मोलला गोठणबिंदू १.८६ अंश उतरतो. २२० मिलिऑस्मोलचा बेडूक उणे ०.४ अंशालाच गोठायला लागेल. उणे अडीच अंशांना उरलेलं द्रव साधारण १३४४ मिलिऑस्मोल असायला हवं, तेव्हाच बर्फ वाढायचा थांबतो. २२० वरून १३४४ वर जायला ८४ टक्के पाणी बर्फ व्हावं लागतं! आता सुरुवातीलाच ग्लुकोज आणि युरिया मिळून २५० जास्तीचे घातले, म्हणजे ४७०, तर बर्फ ६५ टक्क्यांवर थांबतो. बरोब्बर ६५! पार्टनर म्हणाला तू आकडा उलटा काढलास. हो, थोडा उलटाच काढला, ४७० मी ६५ वरूनच आणलाय. पण २५० हा आकडा वेडावाकडा नाही, गोठलेल्या वूड फ्रॉगच्या आतल्या अवयवांत ग्लुकोज एकट्यानं त्याच घरात जातं. आणि सगळंच पाणी गोठायला मोकळं नसतं, थोडं प्रथिनांना धरून असतं, त्यामुळे फार नाचायचं नाही.

आमच्या विषयाशी नातं पुढे आहे. बर्फ होतो तो लसिका-पिशव्यांत आणि पोटाच्या पोकळीत, अवयवांतलं पाणी बाहेर निघून तिथे गोठतं. म्हणजे गोठलेल्या बेडकाचं यकृत काढून मोजलं तर ते सुकलेलं दिसणार, क्षार घट्ट, आणि अख्ख्या बेडकाचं पाणी तेवढंच! ज्यानं फक्त यकृत मोजलं तो म्हणणार पाणी गेलं, ज्यानं बेडूक मोजला तो म्हणणार काहीच गेलं नाही, आणि दोघंही बरोबर.

४ ऑक्टोबर

फायनल तक्ता चालू. स्नायू, कातडी झाले. यकृताला सुरुवात केली आणि सगळं फिसकटलं.

गेले दोन महिने मी सगळ्यांना कोरडं वजन, कोरडं वजन म्हणून पिडलं. पण यकृताचं कोरडं वजन स्वतःच ऋतूप्रमाणे बदलतं! शरद ऋतूत ते ग्लायकोजेननं भरलेलं असतं, वसंतापर्यंत ते जळून गेलेलं. समजा १ ग्रॅम यकृत, ०.३ कोरडं, त्यातलं ०.१ ग्लायकोजेन, पोटॅशियम ८० मायक्रोमोल. कोरड्या वजनावर २६७. आता ग्लायकोजेन गेलं, कोरडं उरलं ०.२, पोटॅशियम तेच ८०, कोरड्या वजनावर झालं ४००. पन्नास टक्के वाढ, आणि काहीही हललं नाही. वर ग्लायकोजेनबरोबर धरलेलं पाणीही जातं. म्हणजे पार्टनरचं ओलं वजन चुकीचं आणि माझं कोरडं वजनही चुकीचं. त्यानं हे कळल्यावर जो चेहरा केला तो मी विसरणार नाही.

६ ऑक्टोबर

मॅडमशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, छेद असा घ्या जो ऋतूबरोबर सगळ्यात कमी हलतो. स्नायूला चरबी आणि ग्लायकोजेन वजा केलेलं कोरडं वजन चालेल. यकृताला प्रथिन किंवा डीएनए, कारण डीएनए पेशींच्या संख्येबरोबर चालतं आणि पेशी भरली काय रिकामी झाली काय, त्याला फरक पडत नाही. मी म्हटलं उपासाच्या महिन्यांत प्रथिनही जळतंच की. म्हणाल्या, "म्हणूनच 'सगळ्यात कमी' म्हटलं, 'अजिबात नाही' म्हटलं नाही."

डीएनएवर काढलेले यकृताचे आकडे आमच्या ढिगात जवळजवळ नाहीतच. ज्या तक्त्यात अख्ख्या अवयवाचं वजन दिलंय तिथे 'दर यकृत' असा हिशोब करतोय, एका बेडकाला यकृत एकच असतं हे तरी ऋतूबरोबर बदलत नाही.

१३ ऑक्टोबर

मादीची शीट वेगळी काढली. अंडाशय भरत जातं तसं क्षार, पाणी, प्रथिनं सगळं तिकडे वळतं, अंडनलिकेत जेली साठते जी बाहेर पाण्यात पडल्यावर फुगते, आणि अंडी घातल्या दिवशी वजन एकदम उतरतं. नर-मादी एकत्र करून काढलेली सरासरी वसंतात निरुपयोगी आहे, तसे चार तक्ते काढून टाकले.

१९ ऑक्टोबर

तक्ता प्रिंटला दिला. प्रत्येक आकड्याशेजारी एक जास्तीचा कॉलम आहे, 'कशावर मोजलं': ओलं, कोरडं, चरबी वजा कोरडं, अख्खा अवयव. पार्टनरला तो कॉलम बारीक अक्षरात शेवटी हवा होता, मी तो आकड्याच्या आधी टाकलाय. यकृत, वसंत ऋतू, मादी या ओळीत तो कॉलम भरलाय आणि आकड्याची जागा रिकामी आहे. तशीच ठेवली.